समोरच्याचा उजवा

माझा मामा रस्त्यात कुणाला ओळखत नसे. त्याला गर्व नव्हता, आणि त्या काळी नजरही चांगली होती. त्याचं केस कापायचं दुकान होतं आणि बहुतेक माणसं त्याला आरशातून भेटलेली होती. खुर्चीत गिऱ्हाईक, मागे मामा, समोर आरसा. गप्पा, वाद, एकमेकांची टिंगल, सगळं आरशातल्या तोंडाकडे बघून. तेच गिऱ्हाईक बाजारात पिशवी घेऊन पुढ्यात उभं राहिलं की मामाचा चेहरा कोरा व्हायचा. भांग भलत्याच बाजूला, तीळ भलत्याच गालावर. "हो हो, बरंय, बरंय," करत तो वेळ मारून न्यायचा, आणि ते बिचारं पाठ फिरवून निघालं की मागून ओरडायचा, "अहो, तुम्ही होय! आधी सांगायचं नाही का?" मान दिसली की त्याला ओळख पटायची.

हे मी हसत सांगते आहे खरी, पण मामाच्या याच खोडीपायी माझा डावा डोळा जवळजवळ हातचा गेला होता. आणि आज तो डोळा मला आहे तोही मामामुळेच. म्हणून सुरुवात इथूनच.

दुकान अरुंद आणि लांब होतं. पुढे काचेचं दार, अगदी आत मागच्या भिंतीला मोठा आरसा, दाराकडे तोंड करून. दाराच्या काचेवर लाल रंगात 'केशकर्तनालय' असं लिहिलेलं. रंगारी रफार द्यायला विसरला होता, म्हणून तो मामाने नंतर स्वतःच्या हाताने काढला. साहजिकच तो बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड आला आणि एका बाजूला कलला. लोक त्यावरून चिडवायचे. मामा म्हणायचा, "रफार असाच असतो, तुम्ही नीट बघितला नाहीत." आत बसून काचेकडे बघितलं तर अक्षरं उलटी दिसायची, आरशात बघितलं तर पुन्हा सुलट. खुर्च्या दोन. एक धड, दुसरीचा खटका बिघडलेला. ती एकदा खाली बसली ती बसलीच. मोठं माणूस तिच्यात बसलं की गुडघे हनुवटीला टेकत. ती माझी खुर्ची.

आई बेकरीत कामाला होती. पहाटे जायची, संध्याकाळी यायची, आणि आली की तिच्या पदराला पावाचा वास असायचा. बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, त्यामुळे ते घरी आले की पाहुणे आल्यासारखं वाटायचं. शाळा सुटली की मी मामाकडे. मामाने लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, आरशाबाहेरची कुणी पसंतच पडली नाही. त्याचा जीव दोन गोष्टींवर होता, माझ्यावर आणि स्वतःच्या मिशीवर. मिशी काळीभोर, टोकं जराशी वर. सकाळी दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक तीच. मग दिवसभरात मधूनमधून आरशात तिच्याकडे एक नजर टाकून तो खुशीत यायचा. मला तो 'गिऱ्हाईक' म्हणायचा. "या गिऱ्हाईक, बसा. काय, केस की दाढी?" यावर मी रोज हसायचे, आणि तो रोज तेच म्हणायचा.

मला सहा पूर्ण होऊन थोडेच महिने झाले होते. एका दुपारी मामा माझ्या कपाळावरचे केस कापत होता. दोन-चार बारीक केस माझ्या उजव्या डोळ्यात गेले. मी डोळा गच्च मिटला, वरून तळहात दाबला, खुर्चीवरून उतरले आणि तोंड धुवायला म्हणून निघाले ती सरळ बाकावर जाऊन आदळले.

मामा हसला. "नाटकी कुठली! दुसरा डोळा उघडा आहे ना?"

"आहे की," मी म्हणाले. "पण मामा, केवढी वाफ झालीय."

मामाने गरम पाण्याच्या भांड्याकडे बघितलं. गॅस पेटवलेलाच नव्हता. त्याने कात्री खाली ठेवली. माझा उजवा डोळा पाण्याने धुतला, मग स्वतःच्या हाताने झाकला आणि पुढ्यात बोटं धरून विचारलं, "किती?"

"किती काय?" मी म्हणाले.

धड खुर्चीत पोस्टमास्तर काका बसले होते, अर्ध्या गालाला साबण लावलेला. ते मामाचे जुने गिऱ्हाईक. नोकरीतून मोकळे झालेले, त्यामुळे दाढी नसली तरी पेपर वाचायला रोज हजर. मामाने त्यांना तसंच अर्धवट सोडलं, मला उचललं आणि बेकरीत आईकडे गेला. काकांनी उरलेली दाढी स्वतःच केली. पुढे कित्येक वर्षं ते गालावरचा एक बारीक व्रण दाखवून सांगत, हा या पोरीच्या डोळ्याचा.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी थेंब टाकले, डोळ्यात दिव्याचा उजेड पाडला, काचा बदलून बदलून बघितल्या. मग आईला आणि मामाला समोर बसवून नीट समजावलं.

"डोळा आतून धडधाकट आहे. पण या एकाच डोळ्याचा नंबर मोठा, म्हणून त्याचं चित्र पुसट. उजव्याकडून मेंदूला छान चित्र मिळतंय, त्यामुळे तो डाव्याकडे कानाडोळा करतो. असंच चालू राहिलं तर डावा बघायला शिकणारच नाही."

"चष्मा दिला की?" आईने विचारलं.

"चष्मा हवाच, पण तेवढ्याने भागायचं नाही. चांगला डोळा, म्हणजे उजवा, रोज काही तास पट्टी लावून झाकायचा. मग मेंदूला डाव्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. आणि हे शिकायचं एक वय असतं. सात-आठ वर्षांच्या पुढे मेंदू आपली सवय सहसा सोडत नाही. नंतर चष्मा बदला, थेंब टाका, काही करा, फार थोडं हाती लागतं. तुम्हाला उशीर झालाय. पण वेळ गेलेली नाही."

मला यातलं काही कळलं नाही. 'कानाडोळा' एवढं ऐकलं, आणि माझा डावा डोळा कानात जाऊन बसलाय की काय, म्हणून मी रस्ताभर कान चाचपत होते. मामा रस्ताभर पुटपुटत होता, "उजवा. उजवा झाकायचा. उजवा."

वाटणी अशी ठरली. शाळेतून आले की दुपारभर पट्टी, ती मामाने लावायची, आणि आई यायच्या आधी काढायची. आठवड्यातून एक दिवस पट्टीला सुट्टी, आणि तोच दिवस आईच्या सुट्टीचा.

पहिल्या दिवशी मामाने मला माझ्या बसक्या खुर्चीत आरशासमोर बसवलं. मागे उभं राहून त्याने पट्टीचा कागद सोलला. कातडीच्या रंगाची ती चिकट पट्टी मला आरशात दिसली मात्र, मी भोकाड पसरलं. लावू द्यायचं तर सोडाच, मी डोकंच मांडीत घातलं. मामा विरघळला. त्याने खुर्ची गर्रकन दाराकडे फिरवली. आता आरसा पाठीमागे, समोर रस्ता. तो माझ्या पुढ्यात उकिडवा बसला. एवढ्या जवळून, समोरासमोर, मी त्याला क्वचितच बघितलं होतं. "आरसा नाही, काही नाही. तू नुसती रस्त्यावरची माणसं मोज," असं म्हणत, "उजवा, उजवा," पुटपुटत त्याने हलक्या हाताने पट्टी लावली, वर चष्मा चढवला.

मी बघितलं. रस्ता होता तसा होता. माणसं होती तशी होती. मग रडायचं कशाला?

त्यानंतरचे आठवडे मोठे सुखाचे गेले. मी पट्टी लावून दुकानभर हिंडायचे, पेपरातली चित्रं रंगवायचे, बाकावर चढून कंगवे लावायचे. मामा येईल त्याला सांगायचा, "पोरं पट्टीला घाबरतात म्हणे. आमच्या गिऱ्हाइकाची हूं नाही की चूं नाही." पोस्टमास्तर काका मान डोलवायचे. संध्याकाळी मामा पट्टी काढायचा, गरम टॉवेलने चिकटपणा अगदी निपटून पुसायचा, वर पावडर लावायचा, आणि आईच्या हवाली करायचा, स्वच्छ, गोरीगोमटी, डोळ्याभोवती खूणसुद्धा नाही. आई म्हणायची, "नशीब बाई, पोर समजूतदार निघाली." मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

दोन-अडीच महिन्यांनी तपासणीला गेलो. आई, मामा आणि मी. मामाने त्या दिवशी धुतलेला शर्ट घातला होता, मिशीला तेल लावलं होतं. बक्षीस समारंभाला निघाल्यासारखा थाट.

डॉक्टरबाईंनी माझा उजवा डोळा झाकून तक्ता दाखवला. मला तक्ता दिसला नाही. त्यांनी जवळ आणला. वाफेत काहीतरी काळं होतं. त्या थांबल्या.

"पट्टी लावताय ना?"

"रोज!" मामा दुखावला. "एक दिवस चुकवला नाही."

"रडते? ओढून काढते?"

"छे! नावच नको. अगदी मजेत असते."

डॉक्टरबाईंनी तक्ता बाजूला ठेवला. मग खणातून एक पट्टी काढून त्यांनी मामाच्या हातात दिली. "कशी लावता, दाखवा बरं."

मामाने माझी खुर्ची आपल्याकडे वळवली. उकिडवा बसला. कागद सोलला आणि आत्मविश्वासाने पट्टी लावली.

आईचा हात तोंडावर गेला.

"हा डावा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"उजवा," मामा म्हणाला, आणि आपला उजवा हात वर करून दाखवला.

 मामाने एकदा हाताकडे बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडे. मग तो उठला, वळसा घालून माझ्या मागे येऊन उभा राहिला, जसा आयुष्यभर लोकांच्या मागे उभा राहत आला होता तसा, आणि पुन्हा उजवा हात उचलून माझ्या डोक्याशी नेला. हात दुसऱ्या डोळ्यापाशी आला. तो तिथेच राहिला.

मागे उभं राहिलं की गिऱ्हाइकाचा उजवा तो मामाचा उजवा. आरशात बघितलं तरी तोच. डावा कल्ला, उजवा कल्ला, त्याचा हात आंधळेपणाने बरोबर जायचा. पण मी रडू नये म्हणून त्याने आरसा पाठीमागे टाकला होता आणि माझ्यासमोर येऊन बसला होता. समोर बसल्यावर उजव्याचा डावा होतो, ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते, मामालाही असणारच. पण जे डोक्याला ठाऊक असतं ते हाताला असतंच असं नाही. ज्या डोळ्याला शिकवायचं होतं तोच त्याने दोन-अडीच महिने झाकून ठेवला होता, आणि मी चांगल्या डोळ्याने मजेत रस्ता बघत होते. रडू नाही याचा आनंद सगळ्यांना झाला, त्याचं नवल कुणालाच वाटलं नाही.

"नुकसान व्हायचं ते वेळेचं झालं," डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या. रागावल्या नाहीत. "आता मात्र एकही दुपार वाया घालवू नका. आणि या वेळी ती रडेल. रडली तर समजा, बरोबर लावलीय. नुसती बसवू नका, बारीक कामं द्या. डोळ्याला कामाला लावा."

परतीच्या वाटेवर आई माझा हात धरून झपाझप पुढे चालत होती. मामा दहा पावलं मागून येत होता. घराच्या पायरीशी तो थांबला.

"ताई," तो म्हणाला, "दुसरं कुणीतरी बघ. माझ्याकडून नको आता. पोरीचा डोळा घालवीन मी."

आईने कुलूप काढलं. मला वाटलं ती आत जाईल आणि दार लावून घेईल. तिच्या जागी मी असते तर कदाचित तसंच केलं असतं.

"दुसरं कुणी कशाला?" ती म्हणाली. "चूक नेमकी कुठे होते ते आता तुला कळलंय. दुसऱ्याला ते कुठे माहीत? उद्यापासून तूच लावायची." आणि मग दार ढकलत, "आत ये. चहा घेऊन जा."

आईची आठवण आली की मला ती पायरी आठवते. तिच्या पोरीच्या डोळ्याचा सवाल होता, हातात वेळ थोडा होता, आणि तिने भावाचा हात सोडला नाही. तिने त्या दिवशी त्याला दूर केलं असतं तर मामा दुकानात बसून मिशी कातरत राहिला असता, पण आतून संपला असता. आणि माझं काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दुपारी खुर्ची आरशाकडेच राहिली. मामा माझ्या मागे उभा राहिला, आरशात बघितलं, आणि उजवा डोळा झाकला.

सगळं गेलं. दुकान गेलं, रस्ता गेला, मामा गेला. उरली ती वाफ. मी दुकान डोक्यावर घेतलं. पट्टी ओढली, मामाच्या हाताला चावले. त्याने दुसरी लावली. तीही ओढली. तिसरी लावताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं असं पोस्टमास्तर काका नंतर सांगत. मला कुठलं दिसायला? मला फक्त त्याचा आवाज ऐकू येत होता, "रड गिऱ्हाईक, रड. बरोबर लागलीय."

आठवडाभर हेच. मग मामाला एक युक्ती सुचली. दुपारी मी आले तर त्याने स्वतःच्या एका डोळ्यावर पट्टी चिकटवलेली. "आज आपण दोघं," तो म्हणाला. मला हात लावून बघायला दिलं. तेव्हा मी पहिल्यांदा गप्प बसले. तेवढ्यात एक नवखा माणूस दार ढकलून आत आला, खुर्चीत बसला, दाढी म्हणाला. मामा वस्तरा परजत वळला. त्या माणसाने आरशात बघितलं. एका डोळ्यावर पट्टी, हातात वस्तरा, तोंडावर काळीभोर मिशी. "आलोच," असं म्हणून तो खांद्यावरच्या कापडासकट पळाला. काकांनी कोपऱ्यापर्यंत पाठलाग करून कापड परत आणलं. मामा इतका हसला की त्याला बसावं लागलं, आणि तो हसतो म्हणून वाफेत बसून मीही हसले. त्यानंतर गिऱ्हाईक असलं की मामा आपली पट्टी काढायचा, गेलं की लावायचा. मी मात्र माझी ठेवायला लागले.

डोळ्याला कामाला लावा म्हटलं होतं, तर मामाने त्याला पार राबवलं. पांढऱ्या टॉवेलवर काळ्या पिना पसरून तो म्हणायचा, वेचा. मी हाताने चाचपले की म्हणायचा, "हात मागे! डोळ्याला विचार." फणीच्या दातांत अडकलेले केस काढायचे. पावडरच्या डब्यावरची फुलं मोजायची. आणि रोज पट्टी लावून झाली की पहिला प्रश्न, "आरशात काय दिसतंय?"

"वाफ."

"बरं. उद्या बघू."

कित्येक दिवस हेच उत्तर. मामा बाहेरून थट्टा करायचा, पण आतून घाबरलेला असायचा, हे मला आता कळतं. माझा सातवा वाढदिवस जवळ येत होता आणि त्याला तो वाढदिवस नको होता. काका एकदा म्हणाले, "पोरीला फ्रॉक काय घ्यायचा?" तर मामा म्हणाला, "फ्रॉक जाऊ दे हो. तेवढं एक वर्ष कुठे मिळालं तर बघा."

मग एक दिवस मी म्हणाले, "लाल वाफ."

मामाने मागे वळून दाराकडे बघितलं. काचेवरची अक्षरं आरशात पडली होती. त्याने दिव्याखालचं स्टूल सरकवून माझी खुर्ची थोडी पुढे ओढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल वाफ. मग त्या वाफेला कडा आल्या. मग तिचे तुकडे पडले. आणि एका दुपारी त्या तुकड्यांच्या वर मला काहीतरी वाकडं, जाड, एका बाजूला कललेलं दिसलं, आणि ते काय आहे ते मला कुणी सांगावं लागलं नाही.

"मामा, तुझा रफार खरंच वाकडा आहे."

"रफार असाच असतो," मामा म्हणाला. पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

त्यानंतर मी काही धावत सुटले नाही. डोळा शिकत होता तो पायरीपायरीने, कधी दोन दिवस पुढे, कधी आठवडाभर जागच्या जागी. मामाच्या दुकानात मी अक्षरं शिकले ती सगळी डाव्या डोळ्याने. आधी दारावरची, मग कॅलेंडरवरची, मग पावडरच्या डब्यावरची. वाढदिवस आला आणि गेला. फ्रॉक मिळाला, पिवळा. पट्टी सुटली नाही.

आणि मग ती दुपार. मामाने मागून पट्टी लावली, चष्मा बसवला, माझ्या डोक्यावर हनुवटी टेकून आरशात बघत विचारलं, "काय दिसतंय?"

"तू."

"ते तुला माहीतच आहे मी आहे ते. दिसतंय काय?"

"मिशी."

"तीही माहीत आहे."

"मिशीत एक पांढरा केस आहे."

मामा आरशाकडे झेपावला. काचेला नाक लावून त्याने मिशी इकडून बघितली, तिकडून बघितली. रोज सकाळी जिची एवढी बडदास्त ठेवायची त्या मिशीत, टोकापाशी, एक केस पांढरा झाला होता. अगदी नवा. त्याच्याही नजरेतून सुटलेला. तो काही कुणी मला सांगितलेला नव्हता, तो ऐकून किंवा अंदाजाने कळण्यासारखा नव्हता. तो दिसल्याशिवाय कळणारच नव्हता.

"बघू बघू," काका पेपर टाकून उठले. "अरे खरंच की! थांब, चिमटा दे, उपटून टाकतो."

"हात लावायचा नाही कुणी," मामा म्हणाला. आणि भर दुपारी, दार सताड उघडं असताना, खांद्यावरच्या टॉवेलात तोंड खुपसून तो रडला. काका त्याची पाठ थोपटत राहिले. मला वाटलं, म्हातारा झाला म्हणून रडतोय. मी म्हणाले, "एकच आहे रे मामा."

पुढच्या तपासणीला मी डाव्या डोळ्याने तक्त्याच्या अर्ध्यापर्यंत वाचलं. डॉक्टरबाईंनी मामाकडे बघून नुसती मान डोलावली. मामा म्हणाला, "आता मागूनच लावतो." पट्टीचे तास हळूहळू कमी झाले आणि एक दिवस ती सुटली. आजही माझा डावा उजव्याइतका नाही. चष्मा लावून खालून दुसऱ्या ओळीपर्यंत जातो, शेवटची ओळ त्याला जमत नाही. पण वाफ नाही. दोन्ही डोळ्यांनी मिळून जग जेवढं खोल दिसायला हवं तेवढं दिसतं. मी शाळेची बस चालवते. बाबांचा धंदा, मामाचा डोळा. परवान्याच्या तपासणीत उजवा डोळा झाकायला सांगतात तेव्हा आजही क्षणभर वाफच दिसेल असं वाटतं, आणि मग समोर अक्षरं उमटतात. दरवेळी मनातल्या मनात मी मामाला हाक मारते. आभार वगैरे शब्द त्याला चालत नाहीत. "गिऱ्हाइकाने आभार मानायचे नसतात, पुन्हा यायचं असतं," म्हणतो. म्हणून इथे लिहून टाकते. मी त्याची फार फार ऋणी आहे.

त्याने तो केस काळा केला नाही. त्याच्या शेजारी दुसरा आला, तिसरा आला, सगळी मिशी पांढरी झाली तरी कलप लावला नाही. आणि आणखी एक गोष्ट तो त्या वर्षी शिकला. गिऱ्हाइकाशी समोरून बोलायचं झालं की आधी त्याच्या खांद्याला बोट लावून म्हणायचा, "हा तुमचा उजवा." लोकांना ती लकब वाटे. चाळिशीला आलेला हात नवीन शिकला, हे डॉक्टरबाईंना कळवायला हवं होतं. आमच्या घरात तर तो वाक्प्रचारच झाला. भांडण झालं आणि दोघंही आपलंच खरं म्हणायला लागले की आई विचारायची, "तुझा उजवा की समोरच्याचा?"

आता दुकान बंद आहे. ती बसकी खुर्ची माझ्या घरात आहे, मामाही माझ्या घरात आहे. गेली काही वर्षं त्याला दिसेनासं होत चाललं होतं. आधी त्याने आम्हाला पत्ताच लागू दिला नाही, मग एक दिवस चहाच्या कपाकडे बघून म्हणाला, "केवढी वाफ आहे गं." चहा कधीच गार झाला होता. मी त्याच दिवशी त्याला गाडीत घातलं. मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, याला वयाची घाई नाही, केव्हाही काढता येतो. मी म्हटलं, घाई मला आहे.

गेल्या आठवड्यात ऑपरेशननंतरची पट्टी निघाली. घरी आल्यावर मी त्याला त्याच खुर्चीत बसवलं आणि थेंब टाकायला त्याच्या पुढ्यात उकिडवी बसले. समोरासमोर. तो माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. इतका की मी बाटली हातात धरून थांबले.

"तुझ्या भांगापाशी एक पांढरा केस आहे," तो म्हणाला.

"कुठे?"

"उजवीकडे."

"कुणाच्या उजवीकडे?"

"समोरच्याच्या," मामा म्हणाला, आणि हात पुढे करून बरोबर तिथे बोट ठेवलं. "काढू?"

"हात लावायचा नाही कुणी," मी म्हणाले.